सहावं दार

नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी पावणेसातला मामांचा फोन आला. एवढ्या लवकर फोन वाजला की आधी गावाकडची म्हातारी माणसं डोळ्यांपुढं येतात, पण मामांचा आवाज वेगळाच होता. "पोरी, चरक बसला बघ. चावी तुटली, चक्राचं दोन दात बी गेलं. फडातनं ऊस तोडून आणलाय, माणसं बसून हाईत. तू उद्यमनगरात असतीस न्हवं? कुणाला तरी धर."

मामांचं गुऱ्हाळ वडणग्याच्या बाजूला आहे. चरक म्हणजे उसाचा रस काढायचं यंत्र. तीन जाडजूड रूळ, त्यांना फिरवणारी दातेरी चक्रं, आणि चक्र शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, घट्ट धरून ठेवणारी एक चौकोनी पोलादी पट्टी, तिला चावी म्हणतात. ही बोटभर चावी तुटली की अख्खं गुऱ्हाळ थांबतं. चुलवाण थंड पडतं, गुळव्या बिडी ओढत बसतो, आणि तोडलेला ऊस उन्हात पडून राहतो. तोडलेला ऊस दिवसाच्या आत गाळला तर ठीक, नाहीतर तो वाळायला लागतो, रस उतरतो, गुळाला रंग येत नाही, कणी धरत नाही. सौद्यात व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग आणि कणीच बघतो. एका दिवसाच्या खोळंब्यात किती नुकसान होतं ते मामांनी मला कधी सांगितलं नाही, पण मामींनी सांगितलंय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करसल्लागार आहे. चाळीसेक छोट्या कारखान्यांची जीएसटीची आणि आयकराची कामं बघते. वडील याच भागात टर्नर होते. माझं ऑफिस एका लेथच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर आहे. खाली जड काम चढलं की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो. बारा वर्षांत मला त्याची इतकी सवय झालीय की ग्लास स्थिर असला तरच मी खाली डोकावते, काय झालं म्हणून.

साडेआठला मामांचा टेम्पो आला. चक्र, शाफ्ट, झिजलेला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, सगळं गोणपाटावर पडलेलं. खालच्या लेथवाल्या आण्णांनी गुडघ्यावर बसून चक्र फिरवून बघितलं, चावीच्या फाटलेल्या खाचेत अंगठा घातला आणि म्हणाले, "ही खाच गेली. हिच्यात आता चावी ठरायची न्हाई. नव्वद अंशात दुसरी काढूया. संध्याकाळपतूर देतो."

संध्याकाळपर्यंत! मी हिशेब केला तर सहा कामं होती. चक्राचे दात वेल्डिंगनं भरायचे. भरलेले दात शेपिंग मशिनवर आकारात आणायचे. बुश नवा ओतायचा. तो लेथवर आतून बाहेरून कातायचा, शाफ्टही साफ करायचा. शाफ्टवर नवी खाच मिलिंगवर काढायची. आणि चक्राच्या भोकात आतून नवी खाच काढायची, ते स्लॉटिंगचं काम. सहा कामं, सहा माणसं, सहा दारं. आमच्या दारापासून सगळी शंभर दीडशे पावलांत.

पहिल्यांदा चक्र वेल्डिंगवाल्या दादांकडं गेलं. ते ओतीव पोलादाचं होतं म्हणून बरं, बिडाचं असतं तर दात इतके सहज भरता आले नसते. तेवढ्यात आण्णांनी पोराला सायकलवर गनमेटलच्या ओतकामवाल्यांकडं पिटाळलं. मी त्यांची कागदं करते, पण ओतकाम चालू असताना समोर उभी राहिले ती त्या दिवशी पहिल्यांदाच. ओतकामवाले काका बोलत नाहीत फारसे. जुन्या बुशाचं माप त्यांनी बोटांनीच घेतलं, मागच्या फळीवरून लाकडाचा एक साचा काढला. तो साचा त्यांच्या वडिलांच्या काळातला. अशा बुशांचे साचे त्यांच्याकडं भिंतभर आहेत, प्रत्येकावर खडूनं गावाचं नाव: कुडित्रे, सांगरूळ, बीडशेड. ओली रेती पेटीत दाबली, साचा हलक्या हातानं ठोकून सैल केला आणि वर उचलला. रेतीत बुशाची पोकळी तशीच राहिली, एक कण ढळला नाही. मग मूस भट्टीतून बाहेर आली. आतलं तांबं, कथील आणि जस्त एकजीव होऊन नारिंगी तेजानं हलत होतं, वर जस्ताचा पांढरा धूर. काकांनी श्वास धरला, मीही धरला. धार एकदाही तुटली नाही. ओतून झाल्यावर ते म्हणाले, "चहा घ्या ताई. ह्याला आता घाई करून चालत न्हाई."

बाराला बुश लेथवर चढला. एकपर्यंत दात भरून, घासून झाले. दोनच्या सुमाराला शाफ्टची खाच निघाली. मामा दारात उभे राहून प्रत्येकाला "लई उपकार झालं" म्हणत होते, आणि मला वाटत होतं की चारला टेम्पो परत वडणग्याला जाईल.

मग आण्णा कपाळावर हात मारून खाली बसले. "सहावं दार बंद हाय की."

स्लॉटिंगवाल्या काकांनी मार्चमध्ये काम बंद केलं. त्यांची शेवटची कागदं मीच भरली, तरी त्या दिवशी ते माझ्याही ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षं त्या गाळ्यात एकच मशिन होतं आणि एकच माणूस. भोकाच्या आतली खाच काढायची म्हटलं की सगळी गल्ली तिथं जायची. काकांचे गुडघे गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, गाळ्याला चांगली किंमत आली. आता तिथं कॉफीचं दुकान आहे. रात्री छान दिवे लागतात. त्या दुकानाबद्दल माझी तक्रार नाही, मुलाबद्दल तर मुळीच नाही. बापाचे गुडघे बघून कुठला मुलगा म्हणेल की तुम्ही मशिनपाशी उभेच राहा?

चक्र टेम्पोत घालून शिरोलीच्या एमआयडीसीत न्यावं लागलं. ऊसवाहू ट्रॅक्टरांचा हंगाम, तावडे हॉटेलच्या चौकात गर्दी, पंचगंगेच्या पुलावर गर्दी. तिथल्या कारखान्यानं माणुसकीनं मध्येच काम घेतलं, तरी त्यांचं स्वतःचं काम थांबवायला तासभर गेला. चक्र परत आलं साडेसातला. चरक सुरू झाला रात्री साडेअकराला. पंधरा मिनिटांच्या कामासाठी साडेपाच तास.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शहरातले धंदे टिकवायचे म्हणजे काय, यावर मी बारा वर्षं ऐकतेय. चेंबरच्या बैठकांत ऐकते, वर्तमानपत्रांत वाचते. बोलणं बहुतेक वेळा मोठ्या कारखान्यांचं असतं. कोण जाणार, कोण येणार, कुणाला किती जमीन. ते खोटं नाही. विजेचे दर परवडत नाहीत म्हणून २०१३ च्या सुमाराला इथल्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची तयारी उघडपणे बोलून दाखवली होती. कागल ओलांडलं की पुढं कर्नाटकच, त्यामुळं ही नुसती धमकी आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. मोठा कारखाना जायचं म्हणतो तेव्हा मंत्री येतात, बैठका होतात. स्लॉटिंगवाल्या काकांनी गाळा सोडला तेव्हा फक्त माझ्या फायलीत एक नोंदणी रद्द झाली.

आणि ती एक नोंदणी रद्द झाल्याचा परिणाम बाकीच्यांच्या वह्यांत दिसतो. त्या रात्रीनंतर मी मुद्दाम उघडून बघितलं. आण्णांकडं चक्रांची आणि पुल्यांची कामं मार्चनंतर उतरत गेली होती. कारण साधं आहे. ज्याला चक्र शेवटी शिरोलीला न्यायचंच आहे, तो कातकामही तिथंच करून घेतो. वेल्डिंगवाल्या दादांचं तेच. उद्यमनगरातल्या माणसांची खरी पुंजी ही शेजाराची आहे. एकट्या लेथला काही अर्थ नाही. लेथशेजारी वेल्डिंग, त्याच्या शेजारी ओतकाम, समोर बेअरिंगचं दुकान, कोपऱ्यावर जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळणारा रिवाइंडिंगवाला, आणि सगळ्यांची एकमेकांकडं उधारी, म्हणून धंदा चालतो. यातला एक दगड निघाला की बाकीची भिंत लगेच पडत नाही, पण सैल होते.

कोल्हापूरला हे शिकवायची गरज नव्हती. मिरजेहून रेल्वे इथं १८९१ मध्ये आली, आणि शाहू महाराजांनी १८९५ मध्ये स्टेशनाला लागून शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. आजूबाजूच्या गावांतला गूळ बैलगाडीनं यायचा आणि तिथून रेल्वेनं बाहेर जायचा. जागा कुठली निवडली ते बघा. शेतकरी, अडत्या आणि रेल्वेचा डबा, तिघं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. १९०६ मध्ये सूतगिरणी काढली, तीही शहरातच. ती शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. माझ्या एका आत्याचे यजमान तिथं होते. गिरणीच्या भोंग्यावर घरातली कामं ठरायची असं आत्या अजून सांगते.

गुळाला चरक लागला, उसाला पाणी लागलं, पाण्याला इंजिन लागलं. नदीकाठच्या शेतकऱ्याचं इंजिन बिघडलं की दुरुस्त करणारे हात याच शहरात तयार झाले. इंजिनं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरातली जुनी माणसं आजही देवाचं घ्यावं तसं घेतात. दुरुस्ती करता करता माणसं सुटे भाग बनवायला लागली, मग अख्खी इंजिनं, मग मोटारींचे ओतीव भाग. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत आणि त्यांचा माल देशभरच्या गाड्यांत जातो. महाराष्ट्राची एमआयडीसी १९६२ ची. उद्यमनगर त्याच्या आधीपासूनचं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या वसाहतींतल्या कितीतरी मालकांचा पहिला लेथ आमच्याच गल्ल्यांत बसला होता.

आपल्याच मुलखातलं एक जुनं उदाहरण मला नेहमी आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. तिथल्या नगरपालिकेनं त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळजमीन दिली, बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. लहानपणी वडिलांनी ही गोष्ट मला पन्हाळ्यावरच, तीन दरवाजापाशी बसून सांगितली होती आणि मी विचारलं होतं, मग बेळगावचं काय झालं? वडील म्हणाले, "बेळगावला तेव्हा वाटलं असंल, एक दुकान गेलं."

मार्चमध्ये आम्हालाही तसंच वाटलं होतं.

जागेइतकाच दुसरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो माझ्या टेबलावरचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या लोकांना अनुदान नको असतं. केलेल्या कामाचे पैसे वेळेत हवे असतात. लेथवाल्यानं माल दिला की पैसे यायला तीन तीन, चार चार महिने. मधल्या काळात पगार, वीजबिल, हत्यारं, आणि न मिळालेल्या पैशावरचा जीएसटी सुद्धा खिशातून भरायचा. आयकर कायद्यात कलम ४३-बी मध्ये एक नवं पोटकलम आलं, २०२३-२४ या वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. नाही दिले तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मी त्या वर्षी अक्षरशः पेढे वाटले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझा एक पक्षकार संध्याकाळी वर आला. पस्तिशीचा आहे, दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, कर्जावर घेतलेली. ज्या कंपनीला तो माल देतो तिथून निरोप आला होता: उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडं जाईल. नोंदणी नसली की तो कायद्याच्या नजरेत सूक्ष्म उद्योग उरत नाही, आणि मग पंचेचाळीस दिवसांची कटकट नाही. तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तसं करतो." मी तासभर बोलले. नोंदणी गेली तर तारणाशिवायच्या कर्जाची हमी जाईल, तक्रारीचा हक्क जाईल. सरकारचं तक्रारीचं पोर्टल आहे हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याच गिऱ्हाइकावर तक्रार करून परत त्याच्या दारात कसं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानं नोंदणी रद्द केली. बटण मीच दाबलं.

म्हणून मला शहराकडून, म्हणजे या शहरातल्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाकडून, एकच मागायचं आहे. आपल्या भोवतीच्या छोट्यांचे पैसे महिन्यात द्या. साखर कारखाने, दूध संघ, इस्पितळं, शिक्षण संस्था, फौंड्र्यांचे मोठे मालक, सगळे. यातले कित्येकजण व्यासपीठावर 'स्थानिक उद्योग जगला पाहिजे' म्हणतात आणि मनापासून म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यांच्या लेखा विभागातल्या एका ड्रॉवरमध्ये थांबलेला चेक आमच्या गल्लीत एक मशिन वाचवू शकतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. माझ्या चाळीस पक्षकारांत दोन मोठी गिऱ्हाइकं अशी आहेत की महिन्याच्या दहा तारखेला पैसे जमा. त्यांची कामं करणाऱ्या कारखान्यांत पोरं टिकतात. पगार वेळेत मिळाला की हाताखालचा पोरगा दुसरीकडं बघत नाही, दोन वर्षांत कारागीर होतो. हे मी बारा वर्षं पगारपत्रकांवरून बघतेय.

छोटे कारागीर शहराला काय देतात ते २०१९ च्या ऑगस्टात सगळ्यांनी बघितलं. पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती भिजून मातीला मिळाल्या. नदीकाठच्या शेतीपंपांच्या मोटारी आठवडाभर पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर आमच्या भागातल्या रिवाइंडिंगवाल्यांच्या दारात मोटारींच्या रांगा लागल्या, फुटपाथवर, रस्त्याच्या कडेला. कोपऱ्यावरचे रिवाइंडिंगवाले बापलेक तीन आठवडे दुकानातच झोपले. तांब्याची तार मिळत नव्हती, दर चढले होते, त्यांनी मजुरी वाढवली नाही. मी विचारलं तर वडील म्हणाले, "ह्येच्याच शेतातल्या भातावर आमी जगतोय की." २०२१ मध्ये पाणी परत आलं आणि तेव्हाही हेच दोघं होते. ते दुकान उद्या उठलं तर पुढच्या पुरात मोटारी कुठं नेणार आहोत आपण?

कोल्हापुरी चपलेचंही असंच आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल दाखवली, नाव न घेता, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मग त्यांची माणसं इथं येऊन गेली, बोलणी झाली. चांगलं झालं, मला मनापासून आनंद झाला. पण सुभाषनगरात जाऊन बघा. तळ एकजण कापतो, कान दुसरा बसवतो, पट्ट्याची वेणी तिसऱ्या घरातली बाई घालते. बाभळीची साल आणि हिरडा यांत पकवलेलं कातडं लागतं, ते आणखी कुठून तरी येतं. वेणी घालणाऱ्या एका मावशींशी माझी ओळख आहे. त्यांच्या सुनेला ते काम येतं, पण ती कपड्यांच्या दुकानात नोकरीला जाते, कारण तिथं महिन्याला पगार आहे. वेणीवाल्या घरांची संख्या कमी झाली की मिलानचं काय, महाद्वार रोडच्या दुकानालाही माल मिळायचा नाही.

पुन्हा सहाव्या दाराकडं येते.

डिसेंबरात मी स्लॉटिंगवाल्या काकांच्या घरी गेले, जवाहरनगरात. मनात नुसतं एवढंच होतं की मशिन भंगारात गेलं का ते विचारावं. काकूंनी चहा टाकला. काका मला मागच्या अंगणात घेऊन गेले. ताडपत्रीखाली मशिन उभं होतं. ग्रीस लावून, हत्याराला तेलाची चिंधी गुंडाळून. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. काका म्हणाले, "त्येला गाडीत चढवायला लागलो की हात थांबतो माजा."

मी परत येऊन आण्णांना सांगितलं. आण्णांनी वेल्डिंगवाल्या दादांना, दादांनी ओतकामवाल्या काकांना. मिलिंग आणि शेपिंगवाले आलेच. पाचजण माझ्या पोटमाळ्यावर बसले, खुर्च्या दोनच, बाकीचे जिन्यावर. कुणी म्हणालं जागा नाही, कुणी म्हणालं चालवणार कोण, आणि कुणी म्हणालं मार्चमध्येच हे का सुचलं नाही. त्यावर कुणीच काही बोललं नाही. आण्णांनी आपला एक जुना लेथ काढून कोपरा मोकळा करायचं कबूल केलं. मशिनची किंमत पाचांनी मिळून द्यायची, भंगाराच्या भावापेक्षा जास्त, आणि काकांनी रोज सकाळी दोन तास येऊन शिकवायचं, त्याचे पैसे वेगळे. शिकणार कोण, तर दादांची पुतणी. आयटीआयची मशिनिस्ट आहे, घरी बसली होती, कारण एमआयडीसीतल्या दुसऱ्या पाळीला घरचे नको म्हणत होते.

करार मी लिहिला. दोन पानांचा. काम आलं तर पाचजणांना मजुरीत सवलत नाही, हे कलम आण्णांनी हट्टानं घालायला लावलं. "पोरीचा पगार त्यातनंच निघला पायजे," म्हणाले. पहिल्या तीन महिन्यांत तोटा झाला तर पाचांनी वाटून घ्यायचा. ओतकामवाल्या काकांनी सही करताना विचारलं, "आनी फायदा झाला तर?" तेव्हा लक्षात आलं की ते कलमच राहिलं होतं. पेननं खाली लिहिलं.

जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी मशिन आलं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, पुढं गटारीचं काम चालू होतं. मग लोखंडी पाइप खाली घालून, मागचा पाइप काढून पुढं ठेवत, इंच इंच सरकवत ते आणलं. दहा बारा माणसं, दोन पहारी, एक चेन ब्लॉक. कॉफीच्या दुकानातली दोन पोरंही येऊन हात लावून गेली. काका काठी टेकून शेजारून चालत होते आणि सारखे म्हणत होते, "हळू, हळू, त्येचं डोकं तिकडं झुकतंय." मशिन जागेवर बसायला दोन वाजले. नारळ फोडला. मामा वडणग्याहून गुळाची ढेप घेऊन आले होते.

पहिलं काम एका पुलीचं होतं, कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीची. पुतणीनं पुली टेबलावर बांधली, मध्य धरला, दोनदा तपासला. तिचा हात जरा कापत होता. काकांनी काही सांगितलं नाही. हत्यार वर खाली व्हायला लागलं, प्रत्येक फेरीत केसासारखी चीप निघून खाली पडत होती. मी वर ऑफिसात गेलेच नाही. वीस मिनिटांनी तिनं मशिन थांबवलं, पुली सोडली, फुंकर मारली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, करंगळी खाचेत घालून वरपासून खालपर्यंत फिरवली, मग खिशातून एक चावी काढून बसवून बघितली.

"थोडी घट हाय," ते म्हणाले. "अजून दोन फेऱ्या मार."